हनुवटीपर्यंतचा चंद्र

"आता सांगतो ते तुम्हांला पटणार नाही. पटलंच, तर तुम्ही विज्ञानाचे शिक्षक नाही असं मी धरून चालेन," चेंडूसर म्हणाले. पडदे ओढलेल्या वर्गात बत्तीस शिक्षकांनी खुर्च्या पुढे सरकवल्या.

शिक्षकांना आकाश शिकवण्यात सरांची चौतीस वर्षं गेली होती. ही त्यांची शेवटची तुकडी, आणि हा शेवटचा तास. सोमवारपासून हे बत्तीस जण आपापल्या भागात इतर शिक्षकांना शिकवायला लागणार. जे काही निस्तरायचं, ते आत्ताच.

"माझा एक मित्र होता. माझ्याच धंद्यातला. चंद्राच्या कला शिकवायचा. मधोमध दिवा, तो सूर्य. काडीला खोचलेला चेंडू, तो चंद्र. आपलं डोकं, ती पृथ्वी. दिव्याकडे पाठ करून चेंडू डोक्यापेक्षा उंच धरायचा, की तो अख्खा उजळतो. झाली पौर्णिमा. पण त्या दिवशी गड्याचा उजवा खांदा आखडलेला. त्याने डाव्या हाताने तो दोनदा चोळला, आणि चेंडू कसाबसा हनुवटीपर्यंत नेला. डोक्याची सावली पडली चेंडूवर. पौर्णिमेचा चंद्र काळा ठिक्कर."

"मग चुकलं म्हणून सांगायचं की," मागून एक दाढीवाले म्हणाले.

"सांगणारच होता. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली."

वर्ग हसला. सरांना चेव आला.

"त्या दिवशी वर्गात बसलेल्या चाळीस शिक्षकांनी आणखी चाळीस-चाळीस जणांना शिकवलं. त्यांनी पुढे शाळाच्या शाळा. आज लाखो पोरं आधी खांदा चोळतात, मग चेंडू हनुवटीशी धरतात. एका शाळेत खांदा चोळायला दोन गुण आहेत. पौर्णिमेला पोरं खिडकीतून लख्ख चंद्र बघतात आणि वहीत लिहितात, आज आकाश चुकलं."

दाढीवाल्यांनी हसून डोळे पुसले. सर मात्र हसले नाहीत.

मित्र कसला नि काय. खांदा सरांचाच होता, आणि त्या दिवसानंतर सव्वीस वर्षांत तो धड झालाच नव्हता. म्हणून त्यानंतर हा प्रयोग त्यांनी सहकाऱ्यांच्या गळ्यात घातला आणि आपण ग्रहताऱ्यांकडे वळले. चेंडूसर हे नाव तेवढं मागे राहिलं. गेल्या वर्षी नात टेबलावरच्या दिव्यासमोर चेंडू घेऊन उभी राहिली आणि खांदा चोळू लागली.

"खांदा दुखतोय का गं?"

"नाही हो आजोबा. आधी असं करायचं असतं. बाईंनी सांगितलंय."

सरांनी तिला बरोबर काय ते शिकवलं. तिने परीक्षेत तेच लिहिलं आणि भोपळा घेऊन आली. दोन दिवस आजोबांशी बोलली नाही.

सरांनी शिक्षण खात्याच्या कार्यालयाला पत्र धाडलं. उत्तर आलं, ही पद्धत एका तज्ज्ञांनी ठरवली आहे, त्यांच्या मताशिवाय बदलता येणार नाही. खाली तज्ज्ञांचं नाव होतं. सरांचंच. तो तज्ज्ञ मीच, असं त्यांनी उलट टपाली कळवलं. त्यावर उत्तर आलं, तज्ज्ञांच्या आधीच्या मताशी न जुळणारं मत ग्राह्य धरता येत नाही. सरांनी हात टेकले.

"या बाई, तुम्ही बरोबर करून दाखवा," त्यांनी पहिल्या बाकावरच्या तरुण बाईंना बोलावलं.

बाई आल्या. दिव्याकडे पाठ केली, खांदा दोनदा चोळला, चेंडू हनुवटीशी आणला.

"आत्ताच काय सांगितलं मी? उंच धरा."

बाईंनी चेंडू वर नेला. तो लख्ख उजळला. त्यांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं आणि पुन्हा हळूच खाली आणला.

"तुमच्या मित्राचं असेल काहीतरी, सर. पण आम्हांला शाळेपासून असंच शिकवलंय. मी मुलांनाही हेच शिकवते. आता वेगळं सांगितलं तर मुलं म्हणतील, बाईंनाच येत नाही."

बाकीच्यांनी माना हलवल्या. सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा मिनिटं उरली होती.

"आणा इकडे," म्हणत त्यांनी चेंडू स्वतःच घेतला आणि दिव्याकडे पाठ केली. डावा हात आपसूक उजव्या खांद्यावर गेला. एकदा, दोनदा. चेंडू हनुवटीपर्यंत आला आणि अडला. त्यांनी दात आवळून जोर लावला. कळ कानापर्यंत गेली, चेंडू बोटभरही वर सरकला नाही. पौर्णिमेचा चंद्र काळा ठिक्कर.

आता कोणी हसत नव्हतं. बाईंनी चेंडूकडे पाहिलं, मग त्या खांद्याकडे.

"सर," त्या म्हणाल्या, "मित्र-बित्र कोणी नव्हताच. ते तुम्हीच."