आवाजाशेजारची खोली

जळगावात मेहरूणच्या भाड्याच्या घरात येऊन महिना होत आला, तरी खोक्यांच्या सुतळ्या सुटल्या नव्हत्या. लागतील तेवढी भांडी आणि दोन गाद्या बाहेर होत्या. बाकीचा दीपनगरचा संसार भिंतीला टेकून उभा होता, गाडी लागायची वाट पाहणाऱ्या माणसांसारखा.

रोशनी दुपारी खिडकीशी बसून फोनवर खोल्या बघायची. भुसावळच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता तिने शेफिल्डच्या विद्यापीठात अर्ज केला होता. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मंजूर झाली, व्हिसाही आला. राहायची जागा तेवढी ठरायची होती. शुक्रवारपर्यंत खोली पक्की केली नाही, तर वसतिगृहातल्या उरलेल्या खोल्या दुसऱ्यांना जाणार होत्या. मग परक्या शहरात दारोदार हिंडून घर शोधायचं, नाहीतर जायचंच नाही.

हर्षिता तिथे आधीच होती. जळगावच्या दाणाबाजारातल्या दलिचंद शेठची ही नात रोशनीची कॉलेजपासूनची मैत्रीण. ती वसतिगृहातल्या खोल्यांचे व्हिडिओ काढून पाठवायची आणि रोशनी एकेक नापास करायची. एकीची खिडकी बोळात उघडत होती. दुसरीपासून बस लांब. तिसरीचं स्वयंपाकघर सहाजणांत.

"स्वयंपाकघराचं मला सांगतेस?" हर्षिता फोनवर म्हणाली. "मी जैनाची पोर. फ्रिजमधला माझा कप्पा चिकटपट्टीने आखून घेतलाय, देवघरासारखा. जगतेच आहे ना? आणि तू खोली बघतेयस की लग्नाची मुलगी? हिचं नाक, तिची उंची!"

रोशनी हसली. पण फोन ठेवल्यावर चौथीतही तिला खोट सापडली.

खोट खोलीत नव्हती, हे तिला कळत होतं. जागा ठरली की जाणं ठरलं, आणि ती गेली की आई एकटी. फेब्रुवारीत बाबा गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. क्वार्टर सोडायची मुदत आली तेव्हा धुळ्याच्या सुकलालकाकांनी टेम्पो पाठवायची तयारी दाखवली. अजूनही दर दोन दिवसांनी त्यांचा फोन यायचा.

"वहिनी, वरली खोली रिकामी शे. पोरगी गयी म्हंजे एकटी काय करशी तठे?"

"दखसू," आई म्हणायची. बघू, एवढंच. दिराच्या घरी वरच्या खोलीत राहणं म्हणजे काय, हे तिने बहिणीच्या बाबतीत पाहिलं होतं. पण एकटीने राहीन, असंही ती म्हणत नव्हती. खोकी तशीच होती.

आणि तिला झोप नव्हती.

दीपनगरला त्यांचं क्वार्टर वीज केंद्राच्या बाजूच्या शेवटच्या ओळीत होतं. वीज बनवणाऱ्या संचांची घरघर भिंतींत मुरलेली. पाहुणे आले की पहिल्या रात्री उठून बसत. घरच्यांना ती ऐकूही येत नसे. संच बंद पडला तर मात्र वेगळं. आधी वाफ सुटायची, आभाळ फाटल्यासारखी. त्या गर्जनेतही रोशनी झोपून राहायची. जाग यायची ती नंतरच्या शांततेने. डोळे उघडावेत तर आईने दाराची कडी काढलेली असायची आणि बॉयलरवर ऑपरेटर असलेले बाबा, पाळी असो नसो, चपलेत पाय सरकवत असायचे. परत आले की आई विचारायची, "काय?"

"चालू शे," बाबा म्हणायचे, आणि घर पुन्हा झोपायचं.

बाबा गेले त्या दुपारीही आवाज चालूच होता. रोशनीने तो आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकला.

मेहरूणला रात्री कुत्री भुंकत, एखादी गाडी जाई, मग सगळं गप्प होई. अंधारात आई उठून बसलेली दिसायची. "काय वं?" असं रोशनीलाच विचारायची, जणू जागी तीच होती.

शुक्रवारी दुपारी हर्षिताचा शेवटचा व्हिडिओ आला. आई ताटात गवार घेऊन बसली होती. रोशनीने तिला दिसेल असा फोन धरला.

पडद्यावर एक अरुंद खोली होती. पलंग, टेबल, खिडकीबाहेर विटांची भिंत. हर्षिताचा आवाज आला: "ही आता शेवटची हं, महाराणी. तळमजला. कुणी घेत नाही म्हणून उरलीय. का, ते ऐक." तिने फोन टेबलावर ठेवला असावा, कारण चित्र छतावर स्थिरावलं. "पलीकडे सगळ्या इमारतीला गरम पाणी पुरवणारी यंत्रं आहेत. दिवसरात्र हेच. मी तोवर कपाट मोजते."

खोलीभर एक जाड, सपाट घरघर होती.

आईचा हात शेंगेवर थांबला. ताटावर घास थबकवून बाबा ऐकायचे, तसा. गवारीची शीर अर्धी सोललेली तशीच बोटात राहिली.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

रोशनीने लावला.

"त्या पोरीना आवाज नको. फक्त ते."

रोशनीने व्हिडिओ पुढे सरकवला, जिथे हर्षिता कपाटाशी गेली होती आणि छताशिवाय काही दिसत नव्हतं. तो संपला की ती पुन्हा तिथूनच लावत राहिली. आईने ताट बाजूला सरकवलं, पदर डोक्याखाली घेतला आणि फरशीवरच कलंडली. फोनकडे पाठ होती. थोड्या वेळाने तिचा श्वास लांबला. तोंड जरासं उघडलं. चेहऱ्यावरचं काहीतरी सैल पडलं, आणि खाली जुनी आई दिसली, जी दुपारी पेपर तोंडावर घेऊन खुशाल घोरायची.

रोशनी हलली नाही. व्हिडिओ संपत आला की अंगठा मागे न्यायचा, एवढंच काम. पाय बधिर झाला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, त्यानेही आई जागी झाली नाही.

मग वर हर्षिताचा निरोप झळकला: 'ही पण नको असेल तर सरळ सांग. मी वसतिगृहाच्या ऑफिसाबाहेर उभी आहे. इथे आज सकाळपुरतंच उघडं आहे, उद्या सुट्टी. आज हो नाहीतर नाही.'

उत्तर लिहायचं तर व्हिडिओ थांबवावा लागणार होता.

ही खोली तिला हवी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हवंसं वाटलं होतं. त्या भिंतीला पाठ लावून आपल्याला झोप येईल, हे तिला माहीत होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती. आवाज तिला मिळणार होता. आईला ही फरशी.

तिने व्हिडिओ एकदा मागे नेला. पुन्हा एकदा. मग थांबवला.

शांतता झाली आणि आई उठून बसली. उभीही राहिली. डोळे उघडे होते पण ती या घरात नव्हती. दाराशी जाऊन तिने कडी काढली, दार सताड उघडलं आणि बाजूला सरकली, कुणालातरी जायला वाट देत.

दारात ऊन होतं. समोरच्या गच्चीवर पापड वाळत होते.

"आई," रोशनी म्हणाली.

आई तशीच उभी राहिली. मग तिने दार लोटून घेतलं, कडी मात्र लावली नाही.

"बंद पडनं का?" तिने विचारलं. आवाज आता जागा होता. कशाबद्दल विचारत होती ते मात्र रोशनीला नीट कळलं नाही.

"नाही. मी थांबवलं. हर्षिताला उत्तर द्यायचंय."

"दिधं?"

"अजून नाही. आई, मी नाही गेले तर..."

"तर काय व्हई?" आई म्हणाली. "दोन्ही जनी जाग्या राहसूत. आते एक तरी झोपू दे." ती खाली बसली. "इतला दिवस खोल्यासले नावं ठेवी राहिनी. माले समजत नही का? लिख तिले."

"आणि तू? धुळ्याला?"

आई भिंतीकडे सरकली. तिथलं एक खोकं तिने पुढे ओढलं. सुतळीची गाठ बाबांनी मारलेली नव्हती. बाबांच्या गाठी सुटत. ही टेम्पोवाल्याची होती. ती दातांनी सोडवू लागली.

रोशनीने 'हो' लिहिलं. एका अक्षरालाही वेळ लागला. हर्षिताचं उत्तर लगेच आलं, नुसती हात जोडलेली चित्रं, ओळभर.

तिने व्हिडिओ पुन्हा उघडला आणि फोन आईजवळ फरशीवर ठेवला. घरघर सुरू झाली. आईने खोक्यातून हात न काढता एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ दे ते," ती म्हणाली. "बंद कर. माले सवय करनी पडी."

रोशनीने बंद केला. आई खोक्यातून एकेक डबा काढत गेली, पदराने पुसत गेली. झाकणांच्या खाचांत अजून दीपनगरच्या धुराड्यांची राख होती. ती पदराला लागत होती, आणि आई ती झटकत नव्हती.