सेवजानचं तोंड सारखं का येतं?

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. नाण्याएवढा, बोटभर दांडीचा, रुग्णाच्या तोंडात घालून बघायचा. इस्तंबूलच्या कारखान्यात घडलो आणि अँतेप शहरात डॉक्टर नेविन यांच्या दवाखान्यात आलो. गालाआडचं सगळं मी दाखवतो म्हणून बाई माझं कौतुक करत. मला मात्र त्या कौतुकाचा संशय येई. मला फोड दिसतो, त्याचं कारण कुठे दिसतं?

एकदा सेवजान नावाची तरुण सून आली. जिभेच्या कडेला तीन पांढरे फोड, भोवती लाल कडा. सोबत सासू, सादेत हानम, म्हणजे सादेतबाई.

"दर महिन्याला तोंड येतं हिचं," सासू म्हणाली. "माहेरी कसं येत नाही म्हणते मी! माझ्या हातचं खायचं नाही, म्हणून ही नाटकं."

"आई, माहेरीही येतं हो. सांगितलं तर तुम्हाला पटतं का?"

डॉक्टरांना एका टोकदार दाताचा संशय आला. त्यांनी तो घासला. पुढच्या महिन्यात चार फोड! मग मिरचीवर संशय, मग अक्रोडावर. चौथ्या खेपेला सेवजानचा डोळा लाल होता. फोड आणि डोळा, दोन्हींचं कारण एकच असेल, असा बाईंना आता संशय आला.

त्यांनी तिला त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. जाण्याआधी तपासणी म्हणून तिच्या दंडाला निर्जंतुक सुई, औषधाशिवाय, नुसती टोचली. "दोन दिवसांनी दाखवा. हात लावायचा नाही."

"खाजवून लाल करील ती! मीच बघते," म्हणत सासूने आपला रुमाल त्यावर बांधला. दोन दिवस तिने सुनेला नजरेआड होऊ दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिनेच गाठ सोडली. टोचल्या जागी पुवाची लाल पुळी!

सादेत हानम खुर्चीवर बसल्या. "हिने हात लावला नाही, बाई. शपथ घेते. मग केलं कुणी?"

"तिच्याच शरीराच्या पहारेकऱ्यांनी," डॉक्टर म्हणाल्या. "पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात, शत्रू आला म्हणून. हिच्या पेशींवर बहुधा जन्मापासून, आईवडिलांकडून आलेली एक खूण आहे. अशांच्यात कधीकधी साध्या ओरखड्यालाही निरोप फार मोठा जातो, आणि पहारेकरी आपल्याच माणसावर तुटून पडतात, तोंडात, डोळ्यांत, कुठेही. फार संशयी झालेत ते."

"माझ्यासारखे," सासू हळूच म्हणाली आणि सुनेचा हात तिने हातात घेतला.

औषधं सुरू झाली. फोड कमी झाले, डोळा वाचला.

आता माझ्यावर चरे पडलेत. मी खणात पडून असतो. मित्रांनो, पुष्कळांचं तोंड येतं आणि आपोआप बरंही होतं. पण कुणाचं वारंवार येत असेल, तर त्याला खोटं ठरवू नका. त्याचे डोळे लाल होतात का, तेवढं विचारा आणि त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा.