जोडीला एक कार्ड

माझ्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी आमच्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात कॉम्प्युटर आला. त्याच्या आधी त्याची बैठक आली.

बैठक घेणारा साहेब बाहेरच्या कंपनीचा. वयानं माझ्या भाच्याएवढा, बोलायला गोड. प्रत्येक वाक्यात एक तारीख, म्हणून बायकांनी पहिल्याच तासात त्याचं नाव 'वेळापत्रक' ठेवलं. भिंतीवर तक्ता लावून तो म्हणाला, "सुरुवात धुलाईपासून. मग स्वयंपाकघर, मग औषधं. इथे काही बिघडलं तरी कुणाच्या जिवावर बेतणार नाही."

"मळक्या चादरीवर झोपून बघा एकदा," मागून कुणीतरी म्हणालं.

योजना अशी होती: गठ्ठा बांधला की बांधणारीनं आपलं कार्ड यंत्राला टेकवायचं, गठ्ठा तिच्या नावावर. "ज्यांचे गठ्ठे कमी भरतील, त्यांचा पुढे विचार करावा लागेल," वेळापत्रक म्हणाला. विचार करणं म्हणजे काढून टाकणं, एवढं आम्हाला कळत होतं.

आता चादरीचं काम कसं, तर इस्त्रीच्या गरम रुळातून चादर बाहेर आली की दोघींनी तिचे कोपरे धरायचे, ताणायची, आणि एकमेकींकडे चालत यायचं. घडी दोघींची, गठ्ठ्याची गाठ मात्र एकीची. आमच्या जोडीत गाठ मी मारायचे. दुसरी होती माझी थोरली जाऊ, आणि तिच्या उजव्या हाताला कंप होता. ताणलेली चादर धरली की तो हात शांत व्हायचा. सुतळी घेतली की पुन्हा थरथर. सुट्टीच्या दिवशी घरी तर कपातला चहा बशीत, बशीतला लुगड्यावर.

मी उभी राहिले. "साहेब, जोडीला एक कार्ड द्या."

"सिस्टीममध्ये जोडी नाही, आजी. एकेक माणूस आहे."

"मग सिस्टीमला सांगा, एकेकट्यानं चादरीची घडी घालून दाखव."

बायका हसल्या. तोही हसला, पण तक्त्यावरचं काही खोडलं नाही.

घरी जाताना जाऊ म्हणाली, "अगं धाकटे, माझ्यापायी कशाला तोंड वाजवतेस? मी बसते घरी."

"बसून काय कराल जाऊबाई? बशा फोडाल?"

"तुझ्याच फोडीन," ती म्हणाली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "मला नाही गं बसायचं."

तेवढं मला पुरे होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकेकीशी बोलले. वाफेच्या यंत्रावरची तेवढी म्हणाली, "मला दोन पोरं आहेत, मी यात नाही." तिला कुणी टोमणा मारला नाही.

सुरुवातीच्या दिवशी इस्पितळाचे मोठे साहेब आले. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर प्रत्येकीच्या नावासमोर एक हिरवी पट्टी वाढणार होती. काम सुरू झालं. पहिला गठ्ठा बांधला आणि मी जाऊचं कार्ड टेकवलं. पलीकडची जोडी आली, तिनंही तेच कार्ड टेकवलं. मग तिसरी. दुपारपर्यंत जाऊची पट्टी पडद्याच्या टोकाला जाऊन भिडली, बाकीच्या जागच्या जागी. वाफेच्या यंत्रावरचीनं कार्ड कुणाचं टेकवलं, ते मी बघितलं नाही. पण तिच्याही नावासमोर काही नव्हतं.

"ही बाई कोण?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

जाऊनं थरथरता हात वर केला. "मी. आज जरा अंगात जोर आलाय."

वेळापत्रक लालबुंद. "ही खोटी नोंद आहे! हे कुणी सांगितलं करायला?"

"मी सांगितलं," मी म्हणाले. "आणि खोटी म्हणाल तर दोघींच्या घडीला एकीचं नाव लावणं तुमच्याच योजनेत आहे. आम्ही फक्त ते एक नाव निवडलं."

"तुमच्यावर कारवाई होईल."

"करा. पण काम हवं असेल तर जोडीला एक कार्ड."

मी माझं कार्ड टेबलावर ठेवलं. एकेक करून सगळ्यांनी ठेवलं. रूळ चालूच होते, चादरी बाहेर येऊन जमिनीवर पडत होत्या. कुणी कोपरा धरला नाही. वरच्या मजल्यावरून फोन आला, चादरी कुठे आहेत. मग दुसरा आला. मोठे साहेब तिसरा फोन ठेवून म्हणाले, "द्या यांना काय हवं ते."

वेळापत्रकाला जोडीचं कार्ड करायला दोन दिवस लागले. मला लेखी ताकीद मिळाली. मी वाचायला उशिरा शिकले, त्यामुळे असले कागद सावकाश, चवीनं वाचते. माफी मागा, असं लिहिलं होतं. मी मागितली नाही, आणि ती ताकीद निवृत्तीपर्यंत माझ्या नावावर राहिली.

माझी थोरली जाऊ पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, एका मंगळवारी पहाटे झोपेतच वारली. सोमवारी ती कामावर होती.