मैदान ओस, फाटक बंद

कामोठ्यात हितेशचं झेरॉक्सचं आणि फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. असं दुकान आपल्या प्रत्येकाच्या वस्तीत असतं. आत यंत्राची घरघर, बाहेर एक बाकडं, आणि बाकड्यावर काम थोडं पण मतं भरपूर असलेली मंडळी. हितेशच्या बाकड्यावर संध्याकाळी गावातल्या 'खाडीवीर' फुटबॉल क्लबचे चाहते जमत.

त्या दिवशी विषय होता 'डोंगरतारा'चा. म्हणजे डोंगराकडे तोंड करून बसलेल्या नेऱ्याचा क्लब, खाडीवीरचा जुना वैरी.

"तीन वर्षांचं मैदानाचं भाडं थकलंय म्हणे," धनेश म्हणाला. हा चाहत्यांचा पुढारी. क्लबचं मोबाइलवरचं पान तोच चालवायचा.

"जर्सी देणारा बिल्डर पण सटकला."

"आणि ती गॅलरी? धोकादायक म्हणून पायऱ्याच तोडल्या. आता पब्लिक उभ्यानं मॅच बघणार."

"पब्लिक? गोलकीपरची बायको सोडली तर येतंय कोण तिथं?"

बाकडं हसण्यानं हललं. कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले आनंदा घरतही हसले, पण पेपराआड. ते शाळेच्या ग्रंथालयातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. चारचौघांत बोलायचं ते टाळायचे. ट्रंकेत कवितांच्या सहा वह्या होत्या. त्या त्यांनी पत्नीलाही दाखवल्या नव्हत्या, कारण त्या चांगल्या नाहीत अशी त्यांची खात्री होती.

दोन्ही क्लबांची एक रीत होती. दर सव्वीस जानेवारीला सामना व्हायचा आणि जिंकणारा क्लब हरणाऱ्याच्या गावात जाऊन टोमण्याचा फलक लावायचा. पूर्वी कापडावर, आता फ्लेक्सवर. तो फलक आठ दिवस कोणी काढायचा नाही, हाही नियम. दोन वर्षांपूर्वी धनेशनं सहज घरतकाकांकडून एक ओळ लिहून घेतली होती. ती गाजली. तेव्हापासून काका बाकड्यावरचे "आपले साहित्यिक" झाले. "छे, छे," ते म्हणायचे. पण घरी जाताना तो शब्द मनात घोळवत जायचे.

"यंदा मॅच होणार नाही. त्यांनी माघार घेतली," धनेश म्हणाला. "म्हणजे जिंकलो आपणच. काका, आपण यांना श्रद्धांजलीच वाहू! बॉलचा फोटो, त्याला हार, खाली जन्म, मृत्यू, शोकाकुल सगळं. एक कडक ओळ टाका."

"मृत्यू म्हणजे... जरा जास्त नाही का होणार?"

"मस्करी आहे हो काका! मी स्वतः बघितलं, गाडीवरून जाताना. फाटकाला हे एवढं कुलूप."

काकांनी पेपराच्या कडेला लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग हळूच पुढे सरकवलं. धनेशनं मोठ्यानं वाचलं, "मैदान ओस, फाटक बंद, गवताला आता कोणाच्या पायांची भीती नाही."

मग हितेश यंत्रामागून म्हणाला, "काका, अंगावर काटा आला."

नेरे फाट्यावर फलक लागला. धनेशनं त्याचा फोटो क्लबच्या पानावर टाकला. तो इतका फिरला, की काकांच्या पुण्यातल्या भाचीलाही कुणीतरी पाठवला. काका त्या रात्री दोनदा उठून फोन उघडून बसले. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांची ओळ प्रथमच इतक्या लोकांनी वाचली होती.

मार्चमधल्या एका सोमवारी दुपारी काका एकटेच बाकड्यावर होते. साठीची एक बाई दुकानात आली. पायांना राख लागलेली, हातात फाटक्या कोपऱ्याचा सरकारी कागद.

"शेठ, याची झेराक्स दे. आन वाच जरा, काय लिवलंय." मशीन चालू होतं. हितेशनं काकांकडे बोट दाखवलं. "हे काका वाचतील. वाचण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही."

बाई काकांजवळ खाली बसली. "मी भीमाबाई. नेऱ्याची. आमच्या मैदानाच्या फाटकावर डकवला होता. आमचं सेक्रेटरी गेलं पुण्याला कामाला. वाचणार कोण?"

काका वाचू लागले. सदर क्रीडांगण वापरात नसल्याने भाडेपट्टा रद्द करून जागा गोदामासाठी देण्याचं योजलं आहे. सुनावणी गुरुवारी, अकरा वाजता. पुरावा म्हणून छायाचित्र जोडलं आहे. छायाचित्रातील मजकूर असा...

इथं काकांचा आवाज अडखळला.

"वाचा ना, भाऊ."

"मैदान ओस," काका पुटपुटले, "फाटक बंद. गवताला आता... कोणाच्या पायांची भीती नाही."

"गवत?" भीमाबाईनं कपाळावर हात मारला. "कुठलं गवत? उगवाया सवड तरी भेटते का त्याला? वीस पोरी रोज सकाळी तुडवतात! फाटकाला कुलूप हाय, पन भित भगदाडलीय. तिथनं जातात आत. माझी नात संजना त्यात हाय. मीच रेघा मारते मैदानावर. चुन्याला पैसं नाय, तर वीटभट्टीची राख आनते."

काका कागदाकडेच बघत राहिले.

"ज्यानं हे लिवलं ना, भाऊ, त्याला अक्कल हाय. सगळे म्हणतात, काय लिवलंय! पन लिवायच्या आधी यकदा येऊन बगावं की नाय? आमी हरत व्हतो, तवा तुमचे लोक आमच्या गावात फलक लावायचे. आमी पन हसायचो. पन हरलेला मानूस आन मेलेला मानूस, यकच का?"

आता बोलायचं होतं. मीच तो, एवढे दोन शब्द. पण काकांनी कागदाची घडी घातली.

"खाली आणखी काय हाय?"

"खाली... नेहमीचंच असतं. सही, शिक्का. गुरुवारी अकराला जा तुम्ही."

भीमाबाई झेरॉक्स पदरात बांधून गेली. आयुष्यभर शेवटच्या पानापर्यंत पुस्तक वाचणाऱ्या माणसानं तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला नव्हता!

रात्रभर काकांना झोप लागली नाही. मंगळवारी पहाटेच ते रिक्षानं नेऱ्याला गेले. फाटकाला धनेश म्हणाला तसंच कुलूप होतं. गाडीवरून जाणाऱ्याला तेवढंच दिसलं असतं. काका भिंतीच्या कडेनं चालत गेले आणि भगदाडातून वाकून आत शिरले.

गॅलरीच्या जागी विटांचा ढीग होता. गोलच्या खांबांना जाळी नव्हती. पण तांबड्या मातीवर राखेच्या काळपट रेघा सरळ आखलेल्या होत्या आणि पोरी धावत होत्या. काहींच्या पायांत एकच बूट. दुसरा मैत्रिणीच्या पायात. कडेला राखेच्या ढिगावर एक फ्लेक्स पांघरलेला होता. त्यावरची अक्षरं उलटी होती, तरी काकांनी ती ओळखली.

भीमाबाई घमेलं घेऊन उभी होती. "भाऊ, तुमी? इकडं?"

"बाई, ती ओळ मी लिहिली," काका एका दमात म्हणाले. "मी बघितलं नव्हतं. काल सांगायची हिंमत झाली नाही."

भीमाबाईनं घमेलं खाली ठेवलं.

"मंग गुरुवारी चला," ती म्हणाली. "माझं कोन आइकनार? तुमचं लिवलेलं त्यांनी मानलं, तर तुमचं बोललेलं पन मानतील."

संध्याकाळी काकांनी बाकड्यावर सगळं सांगितलं. पेपर बाजूला ठेवून ते प्रथमच बाकड्यासमोर उभे राहून बोलले.

"काका, एवढं मनाला नका लावून घेऊ," एक जण म्हणाला. "त्यांचं मैदान जाणारच होतं. आपल्या फ्लेक्सनं काय होतंय?"

"आणि गेलं तर गेलं, आपल्याला काय?" दुसरा.

"आपल्याला काय?" काकांचा आवाज चिरकला. "पुढच्या सव्वीस जानेवारीला खेळणार कोणाशी? टोमणा मारणार कोणाला? आपलं मैदान तरी कोणाच्या नावावर आहे, बघितलंय कोणी?"

धनेश मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

गुरुवारी कचेरीत भीमाबाई, संजना आणि काका वेळेआधीच पोहोचले. सुनावणी घेणारा साहेब वाईट माणूस नव्हता. त्याच्या टेबलावर फायलींचा डोंगर होता आणि डोळ्यांत झोप होती. काका उभे राहिले.

"साहेब, ते छायाचित्र खोटं आहे. म्हणजे फलक खरा, पण मजकूर खोटा. मैदान चालू आहे. मी डोळ्यांनी बघितलं."

"तुम्ही कोण?"

"मी... तो मजकूर लिहिणारा."

साहेबानं फाइल उघडून ओळ वाचली. स्वच्छ, ठसठशीत उच्चारांत. कवितेसारखी! काकांची ओळ कचेरीत मोठ्यानं वाचली जात होती. त्यांना वाटलं, जमीन दुभंगावी.

"मग तेव्हा खोटं लिहिलंत की आता खोटं बोलताय?"

"तेव्हा, साहेब. तेव्हा."

साहेबानं उसासा टाकला. "आजोबा, तुमचं म्हणणं मी ऐकलं. पण लेखी हरकत आलेली नाही. मुदत सोमवारी संध्याकाळी पावणेसहाला संपली. लेखी हरकत नसेल तर तोंडी म्हणणं नोंदवता येत नाही. नोटिशीच्या शेवटच्या ओळीत आहे. वाचली नाहीत का?"

सोमवारी दुपारी तीन वाजता तो कागद काकांच्या हातात होता. खिशात पेन होतं. बाजूला झेरॉक्सचं यंत्र होतं. चार ओळींचा अर्ज लिहायला त्यांना दहा मिनिटं लागली असती!

भीमाबाईनं काकांकडे पाहिलं आणि संजनाचा हात धरून बाहेर गेली.

जिन्याखाली धनेश उभा होता, हेल्मेट हातात. त्यानं दारातून सगळं ऐकलं होतं. "काका, फोटो मी टाकला होता," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "तुम्ही नुसती ओळ लिहिली. जगभर मी फिरवली."

"दोघांनी मिळून केलं, बाळा."

धनेशनं फोटो काढून टाकला; पण फायलीतला निघाला नाही. त्यानं अर्ज केले, चार ठिकाणी खेटे घातले. खाडीवीरचं मैदान सकाळी डोंगरताराच्या पोरींना द्यायचं, असं त्यानं क्लबकडून कबूल करून घेतलं. पहिल्या आठवड्यात सहा पोरी आल्या. मग दोन. रोज उठून नेऱ्याहून कामोठ्याला यायचं म्हणजे पोहोचवायला कोणीतरी हवं, आणि त्यात भट्टीवरचा आईबापाचा अर्धा दिवस बुडतो. तिसऱ्या आठवड्यात कोणी आलं नाही. संजना आता आईबरोबर विटा वाहते.

एप्रिलमध्ये नेऱ्याच्या मैदानाभोवती पत्रे ठोकले गेले.

मे महिन्यात काका हितेशकडे गेले आणि म्हणाले, "एक फ्लेक्स कर. तसाच, तेवढाच. हार नको." हितेशनं मजकूर वाचला आणि पैसे घेतले नाहीत.

तो फलक नेरे फाट्यावर, त्याच खांबांवर, धनेशनं बांधला. भीमाबाई भट्टीवरून परतताना थांबली.

"काय लिवलंय, भाऊ? वाचा."

रस्त्यावर टेम्पोवाले होते, भाजीवाल्या होत्या. तरी काका वाचू लागले, या वेळी मोठ्यानं आणि शेवटच्या ओळीपर्यंत.

"डोंगरतारा मेला नव्हता. मैदानावर रोज वीस मुली खेळत होत्या. मी न बघता लिहिलं. हरकत लिहिता आली असती, तीही लिहिली नाही. आनंदा घरत, कामोठे."

भीमाबाईनं डोकं हलवलं. "बरं लिवलंय. खरं हाय." मग थोडं थांबून म्हणाली, "आठ दिस झाले की मला द्या तो. पावसाच्या आत छपरावर टाकीन. पयला फाटला."

काका मान खाली घालून हो म्हणाले.

मित्रहो, दुसऱ्याचं कोसळणं बघून आपल्याला हसू येतं. क्लबाचं असो, दुकानाचं असो, शेजाऱ्याच्या घराचं असो. चार दिवस हसावं, रीतच आहे. पण जिवंत माणसांना मेलेलं म्हणण्याआधी भिंतीला वळसा घालून एकदा आत डोकावा. आणि कोणी वाचता न येणारा माणूस तुमच्या हातात कागद देईल, तेव्हा तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा. ती ओळ वाचायला वेळ लागत नाही. न वाचलेली ओळ मात्र पुन्हा वाचायला मिळत नाही.

येत्या सव्वीस जानेवारीला खाडीवीरचा संघ मैदानात उतरेल. समोरच्या अर्ध्या भागात कोण उभं राहणार, हे अजून कोणाला माहीत नाही.