दादाची दाढ

दादाने जबडा धरला तेव्हा त्याच्या धाकट्या बहिणीला, छोटीला, वाटलं, दाढ असणार. दुसरं काय? दोघं काम करत त्या लाँड्रीत कपड्यांचे गठ्ठे घेऊन येणारा प्रत्येक ड्रायव्हर त्याच्या हातात गोड काहीतरी कोंबायचा. "घ्या साहेब, तुमचा पगार!" चाळिशी उलटली तरी दादा लहान पोरासारखा हरखायचा आणि टॉवेलच्या घड्या घालत सुटायचा. अशा घड्या, की इस्त्रीवाल्यांनी तोंडात बोट घालावं.

"दुखतंय?"

"हं."

"कुठे? दाखव."

त्याने जबडा दाखवला, मग खांदा, मग परत जबडा.

"एक काय ते ठरव ना!" छोटी खेकसली. कामाचा ढीग पडला होता.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात बॅटरी मारली आणि लगेच विझवली. "दात ठणठणीत आहेत. ह्यांना एवढा घाम कधीपासून सुटलाय?" उत्तराची वाट न बघताच त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

हॉस्पिटलात कळलं, हार्ट अटॅक.

"बीपी किती असतं ह्यांचं? साखर?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"माहीत नाही."

"कधी तपासलंच नाही?"

आता काय सांगणार? दरवर्षी नेत होती की! पण पट्टा दंडाला आवळला, की गडी भोकाड पसरायचा. सुई दिसली, की टेबलाखाली. हिचा जीव तुटायचा. "राहू द्या हो डॉक्टर, मजेत आहे तो." डॉक्टरही सुटल्यासारखे "बरं" म्हणायचे. जिना चढताना धाप लागायची, तेव्हा सगळे त्याच्या पोटावर विनोद करायचे. हीसुद्धा फिदीफिदी हसायची.

आत सुई तयार होती. दादाने ओठ काढला, पण रडायलाही दम उरला नव्हता. तो नुसता छोटीकडे बघत राहिला. छोटी आहे ना, ती सांगेल ह्यांना. एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

"ताई, हात धरता का जरा?" नर्स म्हणाली.

छोटीने धरला. हलता येऊ नये असा.

"टोचा."

दादाने तिच्याकडे एकदा नीट बघितलं, अनोळखी बाईकडे बघावं तसं. मग तोंड भिंतीकडे फिरवलं.

"दादा, ए दादा. इकडे बघ ना रे."

तो बघेना.

संध्याकाळी डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, तेव्हाही त्याचं तोंड भिंतीकडेच होतं.