हार्टुंगच्या आईची पत्रं

मंगळवार, १२ मार्च १९४०. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नृसिंह टोकेकरने एक जाड पाकीट टेबलाच्या डाव्या खणात ठेवलं आणि खणाला कुलूप घातलं. पत्र आल्याची तारीख त्याने पाकिटावर स्वतःच्या हाताने टाकली होती. आतलं पत्र त्याने वाचलं नव्हतं, कारण ते त्याला वाचता येत नव्हतं.

टेबल नगरच्या छावणीतलं. लढाई सुरू झाली तशी सरकारने हिंदुस्थानात राहणारी जर्मन माणसं उचलली आणि इथे तारेच्या कुंपणाआड आणून ठेवली. त्यांत व्यापारी होते, डॉक्टर होते, पाद्री होते, कारखान्यांतले यंत्रज्ञ होते. त्यांचं येणारं-जाणारं प्रत्येक पत्र आधी तपासलं जाई. इंग्रजी पत्रं छावणीचे मेजरसाहेब बघत, जर्मन पत्रं नृसिंह. टेबलावर दोन शिक्के होते, एक सोडण्याचा आणि एक रोखण्याचा. रोखलेल्या पत्राला कारणाची चिठ्ठी लावून ते मुंबईला पाठवायचं, असा नियम होता. न वाचलेल्या पत्राला कारण काय लिहिणार? नृसिंहने त्या दिवशी दोन्ही शिक्क्यांना हात लावला नाही.

तसं त्याचं जर्मन अगदीच खोटं नव्हतं. पुण्याला कॉलेजात असताना एका संस्कृत कोशाची जर्मन प्रस्तावना वाचता यावी म्हणून तो सात महिने ती भाषा शिकला होता. प्रस्तावना पुरी झाली नाही ती नाहीच. पुढे नगरला हायस्कुलात संस्कृत शिकवता शिकवता बारा वर्षं गेली. छावणीसाठी माणूस हवा असल्याची बातमी त्याचे सासरे विष्णुपंत घेऊन आले. विष्णुपंत कलेक्टर कचेरीच्या दफ्तरखान्यात होते, मोडी कागद वाचण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता.

"अर्जात लिहा, जर्मन उत्तम," ते म्हणाले.

"उत्तम कुठलं? जेमतेम आहे."

"अहो जावईबापू, नगरात तुमचं जर्मन तपासणार कोण? तपासणारे तुम्हीच!"

आणि ते आपल्याच विनोदावर खूप वेळ हसले. नृसिंहने 'उत्तम' लिहिलं.

छापल्यासारख्या अक्षरातली पत्रं तो कोश उघडा ठेवून कशीबशी लावी. पण म्हाताऱ्या माणसांची पत्रं जुन्या वळणाची येत. सगळी अक्षरं सारखीच टोकदार, एकमेकांत अडकलेली, कुंपणाच्या काड्यांसारखी. कुणाच्या पत्रात अशा दोन-तीन ओळी असल्या तर तो त्या अंदाजाने सोडून देई. या पाकिटातली पाचही पानं तशीच, ती अंदाजाने सोडायला छाती लागते. त्यात काही वावगं निघालं तर नोकरी जायची, आणि 'मला वाचता येत नाही' म्हटलं तर अर्ज खोटा ठरायचा. चार दिवसांत अभ्यास करून वाचू, असं त्याने स्वतःला सांगितलं. पाकिटावरचं नाव होतं लुडविग हार्टुंग.

दुसऱ्याच आठवड्यात मेजरसाहेबांनी त्याला बोलावलं. पत्रं निघायला फार वेळ लागतो, कैदी तक्रार करतात, असं त्यांचं म्हणणं.

"सराव कमी पडतो, साहेब. कुणा जर्मन माणसाशी बोलायला मिळालं तर..."

साहेबांना कल्पना आवडली. वर्तणूक चांगली असलेला आणि मराठी येणारा एक कैदी आहे, म्हणाले. मंगळवार आणि शुक्रवार, भेटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये अर्धा तास, दारात शिपाई. मग त्यांनी नाव सांगितलं. कैदी हार्टुंगच होता.

हा हार्टुंग चाळिशीचा, रुंद हाडाचा, भाजलेल्या तळहातांचा माणूस. राहुरीपलीकडे कालव्यावरच्या एका साखर कारखान्यात रस आटवायचे पॅन बसवायला आला तो नऊ वर्षं राहिला. मराठी तो फिटरांकडून शिकला होता, आणि ती थेट त्यांचीच होती.

"राम राम मास्तर," पहिल्या दिवशी तो बाकावर बसत म्हणाला. "आमच्या कारभारी फिटरनं मला मराठी शिकिवली. आता मी तुमाला जर्मन शिकिवतो. फिटंफाट!"

नृसिंहच्या कानाला ती मराठी टोचली. साहेब माणसाच्या तोंडी 'शिकिवतो'! शाळेत असता तर त्याला त्याने बाकावर उभं केलं असतं. इथे मात्र विद्यार्थी नृसिंहच होता, आणि 'मी कारकून आहे, तुम्ही कैदी आहात' या जर्मन वाक्यांपासून त्याची सुरुवात झाली.

शिकवणं हार्टुंगच्या हाडात होतं. व्याकरण तो यंत्रासारखं उघडून दाखवी. हा दांडा, हा पट्टा, हा फिरला की तो फिरतो. नृसिंह वाक्य मनात जुळवून मगच तोंड उघडी, ते त्याला खपत नसे.

"तुमी लई भिता, मास्तर. बोला की! चुकलं तर चुकलं. बॉयलर फुटत न्हाई."

चैत्रात बाजार, घड्याळ आणि नातीगोती झाली. आषाढात आजार, प्रवास, भूतकाळ. क्रियापद वाक्याच्या टोकाला जाऊन बसतं तिथे इंग्रज अडखळतो म्हणे. मराठी माणसाला ते घरचंच. श्रावण संपता संपता नृसिंह कोशाविना वर्तमानपत्राचा रकाना वाचू लागला. पत्रं भराभर निघू लागली. मेजरसाहेब खूश झाले.

डाव्या खणात तोवर चार पाकिटं झाली होती. चारही एकाच हातची.

त्याआधीच, वैशाखातल्या एका शुक्रवारी, हार्टुंग धडा थांबवून म्हणाला होता, "मास्तर, एक इचारू? माज्या आईचं पत्र न्हाई. आदी म्हैन्याला एक यायचं. सगळं तुमच्याच टेबलावरून येतं न्हवं?"

"हो."

"आलं तर ठिवू नका बरं का."

नृसिंहने उत्तर जर्मनमध्ये दिलं. आलं की लगेच तुमच्या हातात देईन, असं ते वाक्य होतं. जोडवाक्य, आणि कुठे म्हणून चूक नव्हती.

"वा मास्तर!" हार्टुंगने मांडीवर थाप मारली. "पयल्यांदा सबंध वाक्य न थांबता बोल्ला!"

त्या दिवशी नृसिंह सायकल हातात धरून चालत घरी गेला. उद्या सांगू, असं ठरवून गेला. पण सांगायचं म्हणजे आता न वाचल्याचंच नव्हे, लपवल्याचंही सांगायचं होतं, आणि दर आठवड्याने ते वाढत होतं. शाळेत गृहपाठ न करणारी पोरं असंच करतात, हे त्याला ठाऊक होतं. त्यांना तो छडी मारत असे.

गावात त्याला 'जर्मन मास्तर' म्हणू लागले होते. दसऱ्याला वाचनालयाने त्याचा सत्कार ठेवला. विष्णुपंत पहिल्या रांगेत. नारळ आणि उपरणं हातात आल्यावर मागून कुणी ओरडलं, "मास्तर, होऊ द्या की थोडं जर्मन!" नृसिंह उभा राहिला. इतक्या महिन्यांत शिकलेल्या शेकडो वाक्यांतलं एकच त्याच्या तोंडात आलं, आलं की लगेच तुमच्या हातात देईन. टाळ्या पडल्या. अर्थ कुणी विचारला नाही. तो लगेच खाली बसला.

घरी येताना विष्णुपंतांना त्याने विचारलं, "मोडी किती दिवसांत येते हो?"

"वाचून जन्मात येत नाही. गिरवावी लागते. हाताला वळण आलं की डोळ्याला आपोआप दिसतं. पण आता मोडी कशाला तुम्हाला?"

"सहज."

पुढच्या मंगळवारी त्याने हार्टुंगसमोर पाटी ठेवली आणि जुनं वळण शिकवा म्हणाला.

"ह्ये कशाला? म्हातारी मान्सं ल्हितात असं."

"एखादं पत्र तसं आलं तर."

 हार्टुंगने पाटी पुढे ओढली आणि खुशीने अक्षरं काढू लागला. "आमची आई अशी काढती बगा. शेपूट लई लांब. बाप म्हनायचा, तुजं पत्र म्हंजे पेरलेली सरी."

रविवारी दुपारी ओटीवर बसून नृसिंह ती अक्षरं गिरवी. बायको, प्रेमला, डोकावून म्हणाली, "अगबाई, जर्मनांची पण मोडी असते का? मग बाबांनाच बसवा की छावणीत."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही हो. दसऱ्यापासून तुमच्या तोंडावर हसू नाही, म्हणून म्हटलं."

पाचवं पाकीट नाताळात आलं. शनिवारी, ११ जानेवारी १९४१ रोजी, मेजरसाहेब केडगावकडे घोड्यावर फिरायला गेले असताना नृसिंहने खण उघडला, पहिलं पत्र टेबलावर पसरलं, आणि ते त्याला दिसू लागलं. शब्द अडला की तो बोटाने टेबलावर गिरवी, की सुटे. दीड वाजेपर्यंत त्याने पाचही वाचली.

त्यांत वावगं काही नव्हतं. पहिल्या पत्रात शेजारणीची गुडघेदुखी होती, चूल धुरकट झाल्याचं होतं, आणि चौथ्या पानावर कामाची गोष्ट होती. बंदराजवळचं घर बापाने मुलाच्या नावे ठेवलेलं. मार्था, म्हणजे हार्टुंगची बहीण, खेड्यात राहायची, आणि आईला 'घर बंद करून माझ्याकडे ये' म्हणत होती. आईने लिहिलं होतं, घर तुझं आहे, तुझ्या शब्दाशिवाय मी कुलूप लावणार नाही, एक ओळ लिही. दुसऱ्यात तेच विचारलं होतं. तिसऱ्यात, विमानं येतात, रात्री तळघरात झोपावं लागतं. चौथ्यात, गल्लीतली निम्मी घरं रिकामी झाली, कोपऱ्यावरचं पाववाल्याचं घर आता नाही. पाचवं एकाच पानाचं होतं. तुझं काहीच येत नाही, तू रागावला आहेस का, एवढं तरी कळव. मी थांबले आहे.

सोमवारी पत्रं हार्टुंगकडे धाडायची त्याची छाती झाली नाही.

मंगळवार संक्रांतीचा. प्रेमलाने हार्टुंगसाठी कागदात तिळगूळ बांधून दिला होता. तो कोटाच्या खिशात राहिला. शेडमध्ये शिरताच नृसिंहने पाच पाकिटं बाकावर ठेवली. हार्टुंगने वरचं हातात घेतलं, अक्षर पाहिलं आणि पोरासारखा हसला. मग तो वाचत गेला. नृसिंह उभाच होता. पाचवं संपल्यावर हार्टुंगने पाकिटं उलटी केली. प्रत्येकावर आल्याची तारीख होती, आणि ती कुणाच्या हातची हे त्याला दहा महिन्यांच्या धड्यांच्या वहीमुळे माहीत होतं.

"मास्तर," तो हळूच म्हणाला. "ह्ये मार्चमदी आलं?"

नृसिंह बोलू लागला. रात्रभर जुळवलेलं सगळं जर्मनमध्ये नीट बाहेर पडलं. मला हे वळण वाचता येत नव्हतं. ते कबूल करण्याची मला लाज वाटली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. पोटवाक्यं जागच्या जागी, क्रियापदं टोकाला. बोलताना त्याचा आवाजही कापला नाही.

"न्हाई," हार्टुंग म्हणाला. "मराठीत सांगा."

नृसिंहने तोंड उघडलं. 'मी' एवढा एक शब्द आला. दारातला शिपाई वळून बघू लागला. हार्टुंगने पुरती दोन मिनिटं वाट पाहिली.

"बरं," तो म्हणाला. "रेड क्रॉसचा फारम आना."

त्या फॉर्मवर पंचवीस शब्दांपर्यंत निरोप धाडता येई. हार्टुंगने बोटांवर मोजत लिहिलं. घर बंद कर. आजच मार्थाकडे जा. पत्रं आज मिळाली. रागावलो नाही. बरा आहे. लुडविग. कागद त्याने नृसिंहकडे सरकवला.

"तपासा. काम हाय ते तुमचं."

नृसिंहने वाचला, शिक्का मारला आणि दुपारच्या टपालात स्वतः नेऊन दिला. तिथून तो मेजरसाहेबांकडे गेला आणि सगळं सांगितलं, इंग्रजीत. साहेबांनी पाइप खाली ठेवला. छावणी पुढल्या महिन्यात हलतेय, म्हणाले. हजारो पत्रांत पाच. आता त्याचे कागद वाढवण्यात अर्थ नाही. कामावरून मोकळं करताना त्यांनी त्याला दाखला दिला. त्यात लिहिलं होतं, जर्मन भाषेचे ज्ञान उत्तम. विष्णुपंतांनी तो चौकटीत बसवायला नेला.

शुक्रवारी हार्टुंग धड्याला आला नाही, नंतरच्या मंगळवारीही नाही. फेब्रुवारीत कैद्यांची गाडी नगर स्टेशनावरून उत्तरेकडे गेली. नृसिंह फलाटावर गेला होता. खिडक्यांना पडदे होते.

एप्रिलात तो शाळेत परत रुजू झाला. जूनमध्ये त्याने नव्या छावणीच्या अधिकाऱ्याला इंग्रजीत पत्र लिहून निरोपाचं काय झालं ते विचारलं. सोबत हार्टुंगसाठी एक पत्र जोडलं, मराठीत, दीड पानाचं. त्यासाठी त्याने अकरा कागद फाडले.

उत्तर १९ ऑगस्ट १९४१ च्या तारखेचं आलं. निरोप ३ मार्च रोजी जिनिव्हाच्या रेड क्रॉस कचेरीतून पुढे रवाना झाल्याची नोंद आहे. आजच्या तारखेपर्यंत पलीकडून उत्तर आलेलं नाही. आपलं पत्र कैदी हार्टुंग यांना देण्यात आलं, आणि त्यांनी ते ठेवून घेतलं.