बोंब-चाचणी

सर्व्हरवरची चिकटपट्टी पिवळी पडून एका कोपऱ्यातून सुटली होती आणि तिच्यावरची त्याच्याच अक्षरातली ताकीद, ‘हात लावू नये’, यंत्राच्या पंख्याच्या वाऱ्यानं एकसारखी फडफडत होती... हात लावू नये म्हणे! लावणार कोण होतं? रुग्णालयाच्या या गारठलेल्या खोलीत त्याच्याशिवाय फिरकतं कोण? सर्व्हर चालू आहे तोवर इथं माणूस बसतो की कपाट ठेवलंय, याचं कुणाला काही देणंघेणं नाही; बंद पडला की मात्र सगळ्यांना त्याचं नाव बरोबर आठवतं.

विभागप्रमुख मॅडमनी काल त्याला बोलावून सांगितलं होतं की नवीन यंत्र मिळणार नाही, आहे त्याच सर्व्हरवर अपग्रेड करा. आतलं काही हलवायचं नाही हो, खालची सिस्टिम तेवढी नवी करायची, त्यात काय एवढं! जशी काही चादर बदलायची आहे, पलंगावर माणूस असताना. नर्सबाई बदलतात तशी चादर, पण त्या आधी रोग्याला या कुशीवर घेतात, मग त्या कुशीवर, आणि दुखतंय का म्हणून विचारतात. इथं विचारायचं कुणाला? अपग्रेडची योजना तेवढी आज संध्याकाळपर्यंत हवी होती, त्याच्या सहीनिशी.

कालच पूर्वतपासणी केली तेव्हा एक जुनाट प्रोग्रॅम आडवा आला. नव्या सिस्टिमवर तो चालणार नव्हता, आणि तो करतो काय हे कुठंच लिहिलेलं नव्हतं; बनवणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. सगळ्या विभागांना मेल पाठवून विचारलं होतं, हा कुणी वापरतं का. एकानं उत्तर दिलं असेल तर शपथ! तेव्हा शेवटी आज सकाळी त्यानं धंद्यातला नेहमीचा उपाय केला. कुणाला न सांगता प्रोग्रॅम बंद करायचा आणि गप्प बसायचं. ज्याला लागत असेल तो बोंब मारत येईल. कुणीच आलं नाही तर काढून टाकायचा. बोंब-चाचणी.

टेबलावरचा फोन दुपार कलली तरी वाजला नव्हता. त्याला आत कुठंतरी बरं वाटत होतं, कडवट बरं — बघा, नकोच होता कुणाला, उगाच इतकी वर्षं बिचारा राबत राहिला... खिशातला फोनही वाजला नव्हता. तो तर कितीतरी दिवस वाजला नव्हता, निदान ज्या नावानं वाजायला हवा होता त्या नावानं नाही.

बायको बहिणीकडे गेली होती. दारात बॅग ठेवून ती म्हणाली होती, ताईकडे जाते काही दिवस, आणि तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला होता, बरं. ती तरीही उभी होती. चप्पल घालायला कुणाला इतका वेळ लागतो?... पण भांडण नाही, तंटा नाही, मग फोन मी का म्हणून करायचा? गेली ती. जाणाऱ्यानं सांगावं, पोचले, अमुक दिवशी येते. घरात दुधाची पिशवी संपत नाही, नासून जाते, हे मी कुणाला सांगायला जात नाही. जाईन तरी कसा, मला काही झालेलंच नाही.

त्यानं योजनेत लिहिलं : वापर आढळला नाही, काढून टाकावा.

तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या बाई प्रिंटरचा कागद मागायला आल्या. गठ्ठा छातीशी धरून जाता जाता दारात थबकल्या आणि अपराध्यासारखं म्हणाल्या, “ते वॉर्डात रिपोर्ट जायचं बंद झालंय ना सकाळपासून, ते उद्या तरी सुरू होईल का? हातानं लिहून नेऊन देतेय. जिने चढून पाय गेले माझे.”

“सकाळपासून? मग फोन नाही करायचा?”

“म्हटलं, तुम्हीच बंद केलंय म्हणजे काहीतरी कारण असेल. आणि विचारलं तर तुम्ही चिडता.”

मेलचं विचारलं, तर त्यात प्रोग्रॅमचं ते आकडे-अक्षरांचं नाव होतं, ते आपलं असेल असं बाईंना वाटलंच नव्हतं. त्याला त्यांचा राग आला, मग रागही धड टिकेना. त्यानं प्रोग्रॅम सुरू केला, रिपोर्ट पटापट वॉर्डाकडे सुटले, बाई हुश्श करून गेल्या. कुणी ओरडलं नाही म्हणून प्रोग्रॅम नकोसा ठरवून तो मोकळा झाला होता, आणि ही बाई दिवसभर जिने चढत होती, तोंडातून ब्र न काढता.

त्यानं लिहिलेली ओळ खोडली. हात तसाच राहिला.

बायको त्या दिवशी दारात उभी होती ती चपलेसाठी नव्हे... आणि नंतरही ती रुसून बसलेली नाही, विसरलेली नाही, ती ऐकते आहे. रोज. इकडून काही आवाज येतो का. आणि आपण शहाण्यासारखे मूग गिळून बसलोय आणि म्हणतोय, फोन तिनं करावा.

ही युक्ती तिला त्यानंच तर सांगितली होती! एकदा जेवताना, हसत हसत, केवढ्या फुशारकीनं — बंद करायचं, गप्प बसायचं, कोण ओरडतं बघायचं. ती हसली नव्हती. ताटावरून नजर वर न करता तिनं एवढंच विचारलं होतं, “आणि वाट किती दिवस बघता?”

त्यानं काहीतरी आकडा सांगितला होता. सहज, तोंडात घास असताना. तो फोन हातात घेऊन बसला आणि आठवू लागला, किती दिवस सांगितले होते आपण... किती...